गाडी एक, दुकानं सात

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. तळेरे ते विजयदुर्ग रस्त्यावर माझं किराणा दुकान आहे. वडील गल्ल्यावर बसून माल काढून द्यायचे. चार वर्षांपूर्वी मी मध्ये रॅक लावले, आता गिऱ्हाईक स्वतः टोपली घेऊन फिरतं. धंदा वाईट नाही, पण महिन्याचा बाजार एकदम कणकवलीहून भरून आणणारी घरं वाढत चालली आहेत. माझ्यासारखी आणखी सहा दुकानं या पट्ट्यात आहेत. साखर, तांदूळ, डाळी, तेल एकत्र कोल्हापूरहून आणायचं, असं आमच्यात चाललंय. एक जण म्हणतो, सरळ सहकारी संस्था नोंदवू. दुसरा म्हणतो, सातही दुकानांवर एकाच नावाची पाटी लावू. माझे वडील म्हणतात, सात वाणी एका गाडीत बसले तर गाडी घाटातच राहील. कुणाचं ऐकू? – एक दुकानदार, देवगड तालुका

उत्तर : भाऊ, तुमच्या वडिलांना आधी माझा नमस्कार सांगा. ते तुम्हाला अडवत नाहीत. असं काहीतरी मोडताना त्यांनी पाहिलेलं असणार. मीही पाहिलंय, आणि मोडलं त्यात मीही होते.

राजापूरला जवाहर चौकापासून थोड्या अंतरावर आमचं दुकान. पावसाळ्यात अर्जुना आणि कोदवलीचं पाणी पेठेत शिरतं, तेव्हा अख्खी पेठ एकमेकांचा माल माड्यांवर चढवते. गोणी कुणाची, हे कुणी विचारत नाही. लहानपणापासून हेच पाहिलेलं, त्यामुळे 2006 साली आम्ही पाच दुकानदारांनी एकत्र माल आणायचं ठरवलं तेव्हा कागद करावा असं कुणाच्या मनातही आलं नाही. अणुस्कुरा घाटातून कोल्हापूरची गाडी यायची, माझ्या दारात उतरायची, तिथून ज्याचा त्याचा माल जायचा. सहा महिने फार छान गेले.

मग चतुर्थीच्या आधीची मोठी गाडी आली. तिचे सगळे पैसे मी भरले, कारण त्या दिवशी माझ्याकडे होते. दोघांनी दुसऱ्याच दिवशी दिले, एकाने आठवड्याने. पाचव्याने सांगितलं, दोन दिवस थांबा. त्याने माल वाडीवाडीत उधारीवर दिला होता. चाकरमानी गणपतीला आले की घरं वही मिटवतात, हा त्याचा नेहमीचा अंदाज त्या वर्षी चुकला. दिवाळी आली तरी माझे 62,000 रुपये त्याच्याकडे अडकलेले होते, आणि माझ्याच दुकानात घाऊक व्यापाऱ्याचा माणूस येऊन बसायला लागला होता. तो दुकानदार लबाड नव्हता. पैसे त्याने पुढच्या शिमग्यापर्यंत पै न् पै फेडले. पण गाडी बंद झाली, बोलणंही बंद झालं. त्याच्या मुलीच्या लग्नाला मी गेले नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण तुमच्या पत्रात संस्थेचं आहे, पाटीचं आहे, घाटाचंही आहे, पण पैसे कोण आधी भरणार हे कुठेच नाही. सगळं तिथेच ठरतं.

आधी गाडीचा हिशेब. आकडे मी धरून चालते, तुम्ही तुमचे घाला. 50 किलोच्या 80 गोणी म्हणजे 4 टन, एक आयशर भरते. तिचं भाडं 8,000 धरलं तर गोणीमागे 100 रुपये, किलोला 2 रुपये. तुम्ही एकटे 10 गोण्यांसाठी पिकअप केलीत आणि तिचे 5,000 झाले, तर किलोला 10 रुपये पडतात. म्हणून तर आपल्यातला एकटा दुकानदार घाटावर जात नाही. तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याकडून घेतो आणि त्याचं भाडं, त्याची हमाली, त्याचं व्याज हे सगळं भावातच देतो. सात जणांनी मिळून हेच भाडं वाचतं.

दुसरी बचत मात्र वजनाने होत नाही, हे मला फार उशिरा कळलं. कोल्हापूरच्या पेढीवर 4 टन म्हणजे काही मोठं गिऱ्हाईक नाही. तिथे भाव खाली येतो तो रोकड दिसली की. तुम्ही स्वतः जाऊन पाहा. एकाच डाळीचा भाव दोनदा विचारा, पंधरा दिवसांच्या उधारीचा आणि हातात पैसे ठेवून. दोन्हींत जो फरक निघेल तो तुमचा खरा नफा. डी-मार्टचं पहिलं दुकान 2002 साली पवईला निघालं. पुरवठादारांचे पैसे लवकर चुकते करून भाव पाडून घेणं, ही त्यांच्या धंद्याची ओळख आहे. आपण नुसते त्यांचे रॅक आणि दिवे पाहून येतो.

तेव्हा आमची गाडी 2011 साली पुन्हा सुरू झाली ती भिशीच्या शिस्तीवर. गुरुवारी रात्री आठपर्यंत ज्याने पैसे जमा केले त्याचाच माल यादीत. शुक्रवारी फोन, रविवारी रात्री गाडी. गुरुवारी पैसे नसतील तर त्या खेपेला गोणी नाही, आणि त्यावर कुणी रुसायचं नाही. शिवाय प्रत्येकाने एका खेपेच्या मालाइतकी अनामत बँकेच्या सामायिक खात्यात ठेवायची. दोन सह्यांशिवाय त्यातून पैसे निघत नसत. सुरुवातीला हे फार कोरडं वाटलं. शेजाऱ्याकडे अनामत मागायची म्हणजे काय! पण मैत्री टिकली ती त्या अनामतीमुळेच. त्या पाचव्या दुकानदाराच्या घरी मी स्वतः गेले, म्हटलं, आता उधारीचा प्रश्नच राहिला नाही, या. तो आला. आणि पुढची नऊ वर्षं, मी दुकान मुलाच्या हाती देईपर्यंत, गुरुवारी सगळ्यात आधी पैसे त्याचेच यायचे.

आता तुमच्या रस्त्याचं. गाडी करूळ घाट उतरून तळेऱ्याला येणार आणि विजयदुर्गापर्यंत थांबत थांबत जाणार. म्हणजे शेवटच्या दुकानाला नेहमी तळाच्या, फाटक्या, आषाढात भिजलेल्या गोण्या मिळणार. पहिल्या खेपेला तो हसून घेईल, पाचव्या खेपेला गट सोडेल, आणि कारण भलतंच सांगेल. यावर उपाय म्हणजे भरताना दुकानवार थर लावायचे आणि जी तूट-फूट होईल ती माल कुणाच्याही वाट्याचा असो, गोणीमागे सगळ्यांनी सारखी वाटून घ्यायची. खरेदीला जाणारा माणूसही दर तीन महिन्यांनी बदला, आणि त्याच्याबरोबर दुसरा एक जाऊ दे. संशय म्हणून हे सांगत नाही. पेढीवरची माणसं, मालाची पारख, भावाची घासाघीस सातही जणांना आली पाहिजे. एकालाच आली तर उद्या तोच घाऊक व्यापारी होतो.

बिलं प्रत्येकाच्या नावाने वेगळी घ्या. गाडी एक असली म्हणून बिल एक नको. गटाच्या नावाने माल घेऊन तुम्ही सातांना विकायला लागलात की गटालाच जीएसटीचा नंबर, विवरणपत्रं, सगळं मागे लागतं. तुमच्यातले काही जण कंपोझिशनमध्ये असतील. उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची, वर्षाला दीड कोटीपर्यंतच्या उलाढालीवाल्या दुकानदारांची ती सोय आहे, पण त्यात खरेदीवर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. वजावट घेणारे आणि न घेणारे एका बिलात आले की हिशेबावरून भांडण लागतं.

सहकारी संस्थेचं म्हणाल तर सात जणांत ती होतच नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 चा. त्यात किमान दहा माणसं लागतात, तीही वेगवेगळ्या कुटुंबांतली. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण इथे पुष्कळांचा गोंधळ होतो. आपल्याकडे सहकारी दुकान म्हटलं की अपना बाजार आठवतो. तो 1948 साली मुंबईत नायगावला सुरू झाला, पण तो ग्राहकांचा. इंग्लंडात 1844 साली रॉचडेलच्या 28 जणांनी जे दुकान काढलं, तेही गिऱ्हाइकांनीच गिऱ्हाइकांसाठी काढलेलं. तुम्हाला हवाय तो दुकानदारांचा सहकार. त्यात दुकान ज्याचं त्याचंच राहतं, फक्त दुकानामागचं काम सामायिक होतं.

त्याचंही उदाहरण जुनं आहे. 1898 साली बर्लिनच्या एका भागातल्या किराणा व्यापाऱ्यांनी खरेदीपुरता संघ केला. त्याच्या लांबलचक नावाच्या आद्याक्षरांतून एडेका हे नाव आलं, आणि आज जर्मनीतल्या सगळ्यात मोठ्या किराणा साखळ्यांत ते आहे. दुकानं आजही मोठ्या प्रमाणावर स्वतंत्र मालकांची. स्वीडनमध्ये 1917 साली हाकोन स्वेन्सन यांनी घाऊक कंपनीच अशी काढली, की तिच्याकडून माल घेणारे दुकानदार तिचे भागीदार झाले. आजची तिथली इका साखळी त्यातूनच पुढे आली.

पण तुमच्यासाठी मला सगळ्यात जवळचं वाटतं ते नेदरलँड्सचं. 1932 साली आद्रियान फान वेल या घाऊक व्यापाऱ्याला दिसत होतं की मोठ्या साखळ्या आपल्या लहान गिऱ्हाईक-दुकानदारांना गिळणार, आणि ते गेले की आपणही जाणार. म्हणून त्याने त्यांनाच एकत्र बांधलं. एकजुटीने काम केलं तर सगळ्यांना नियमित फायदा, अशा अर्थाच्या डच वाक्याची आद्याक्षरं घेऊन नाव ठेवलं देस्पार. डच भाषेत स्पार म्हणजे सूचिपर्णी झाड, ते त्यांचं चिन्ह झालं. आज स्पार अनेक देशांत आहे.

हे का सांगते? तुमच्या पत्रात तालुक्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा उल्लेख नाही. त्याला टाळून कोल्हापूर गाठायचं, असं तुमच्या मनात दिसतं. त्याच्याकडे गोदाम आहे, हमाल आहेत, गाडी आहे, करूळ घाटात दरड आली की कुठून वळवायचं हे ठाऊक असलेला चालक आहे. सातजण मिळून त्याच्या ओसरीवर एकदा बसा. म्हणा, आम्ही दर गुरुवारी रोख देतो, आमची यादी एक असेल, तुझा नफा गोणीमागे ठरवून घे आणि खरेदीची बिलं आम्हाला दाखव. तो नाही म्हणाला तर कोल्हापूर आहेच. हो म्हणाला तर गोदामाचा सगळा खर्च तुमच्या डोक्यावरून उतरतो. त्याला तुमच्याइतकीच काळजी आहे, भाऊ. कणकवलीला बाजार भरायला जाणारं घर त्याच्याही हातून गेलेलं असतं.

साबण, बिस्किटं, टूथपेस्ट यांत सुरुवातीला हात घालू नका. कंपन्यांचे वितरक आपापल्या हद्दीत बांधलेले असतात, बाहेरून माल आणलात तर मुदत संपलेला माल परत घ्यायला कुणी येत नाही. तिथे सातजणांनी मिळून एवढंच मागा की गाडीचा वार पक्का हवा, स्कीम सातही दुकानांना सारखी हवी, आणि मुदत संपलेला माल महिन्याच्या महिन्याला उचलला गेला पाहिजे. हे मागण्याची ताकद एकट्यात नसते.

पाटीचं आत्ता राहू दे. पाटी एक झाली की एका दुकानातल्या किडक्या तुरीचं नाव सातांना लागतं. वर्षभर गाडी सुरळीत चालू दे, मग बघा. आणि एक मात्र कुणाच्या सांगण्यावरून करू नका. विकण्याचा भाव मिळून ठरवायचा नाही. एकमेकांशी स्पर्धा असलेल्या दुकानदारांनी विक्रीचा भाव संगनमताने बांधणं 2002 च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. तुमची साखर तुम्ही कितीला विकायची हे तुमच्या दुकानात ठरू दे.

सात जणांचा एक साधा करार मुद्रांकावर करून घ्या. गुरुवार, अनामत, तूट-फूट आणि गट सोडायचा झाल्यास अनामत किती दिवसांत परत, एवढंच त्यात असू दे. आणि करार लिहिताना वडिलांना मध्ये बसवा. काय काय मोडू शकतं ते त्यांना माहीत आहे.

प्रश्न : आम्ही गुहागर बाजूच्या चार दुकानांनी मिळून आमचं स्वतःचं पाकीट काढायचं ठरवलंय. उकडा तांदूळ, कुळथाचं पीठ, आमसुलं. बचत गटाच्या बायका भरून देतील. चारही दुकानांत एकच छाप. काय काळजी घ्यावी? – एक वाचक, गुहागर

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं. मोठ्या दुकानात जे मिळत नाही तेच तुम्ही निवडलंय. कुळथाचं पीठ ताजं दळलेलं असेल तर त्याच्या पिठीसाठी माणूस गाडी थांबवून उतरतो.

फक्त तिन्ही वस्तू एका मापाने मोजू नका. तांदळाचं पाहा. सुटा तांदूळ गोणीतून मोजून दिलात तर त्यावर जीएसटी नाही. पण 18 जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या, छापील पाकीटबंद तांदळावर 5 टक्के कर आहे. म्हणजे तुमच्या सुंदर छापाने तांदूळ महाग होतो, आणि गिऱ्हाईक तांदळात एकेक रुपया बघतं. तांदूळ सुटाच ठेवा, गोणीवर गावाचं नाव लिहा. छाप लावा तो आमसुलांना आणि कुळथाच्या पिठाला.

पाकिटावर वजन, किंमत, तयार केल्याचा महिना आणि वर्ष, भरणाऱ्याचं नाव-पत्ता आणि तक्रारीसाठीचा नंबर हे सगळं 2011 च्या वजनमापाच्या नियमांप्रमाणे हवं. अन्नसुरक्षेच्या (एफएसएसएआय) नोंदणीचा नंबर जो भरतो त्याचा लागतो, म्हणून तो बचत गटाच्या नावाने काढा. चार दुकानांपैकी एकाच्या नावाने काढलात तर उद्या तो दुकानदार बाजूला झाला की बायकांचं काम थांबतं. माझ्या मते छापही गटाचाच असावा आणि दुकानांनी तो विकावा. तुम्हाला हे आवडणार नाही कदाचित. पण माल करणारे हात त्यांचे आहेत.

सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. ते नाव मानांकन म्हणून पाकिटावर छापायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, नुसतं आपण इथले आहोत म्हणून चालत नाही. नोंदणी होईपर्यंत साधं आपल्या वाडीचं नाव लिहा.

आणि आमसुलं ओली भरू नका. श्रावणात भरलेल्या पाकिटाला आतून घाम सुटतो. चैत्र-वैशाखातल्या उन्हात पुरती वाळलेलीच घ्या, मिठाचं प्रमाण चारही दुकानांसाठी एकाच बाईच्या हातचं असू दे.

प्रश्न : आमच्या गटात पाच दुकानं आहेत. त्यातला एक जण गटाचा भाव फोडून कंपनीच्या सेल्समनकडून परस्पर स्वतःपुरती जास्त सूट घेतो. आम्हाला कळलंय हे त्याला माहीत नाही. काढून टाकावं का? – एक वाचक, खेड

उत्तर : आधी विचारा. चारचौघांत नको, त्याच्या दुकानात, दुपारी गिऱ्हाईक नसताना, तुमच्यातल्या सगळ्यात वयस्कर माणसाने. पुष्कळदा असं निघतं की त्याच्यावर काही देणं आहे आणि गटाची अनामत भरताना त्याची ओढाताण झाली होती. तसं असेल तर अनामत हप्त्याने भरू द्या.

तसं नसेल, तर जी जास्त सूट त्याला मिळते ती पाचांना का मिळत नाही, हे पाचजणांनी मिळून त्या सेल्समनला विचारा, त्याच्यासमोरच. त्यानंतरही तो परस्परच घेत राहिला तर अनामत ठरल्या मुदतीत, एक रुपयाही न कापता परत करा आणि गाडीच्या यादीतून नाव काढा. मात्र त्याच्या दुकानाच्या ओळीतल्या चारही जणांनी त्याच्याशी बोलणं सोडू नका. जगबुडी नदीचं पाणी पेठेत येईल तेव्हा त्याच्या गोण्या तुम्हालाच वर चढवायच्या आहेत.